ओझे कुणाच्या पाठीवर?

आमच्या भाच्याच्या डोक्यात कधी काय येईल याचा नेम नसतो. गेल्या हिवाळ्यात तो नोकरीसाठी दुबईत आला आणि पहिल्याच रविवारी उम्म अल कुवैनला आमच्याकडे जेवायला आला. मामीच्या हातचे भरीत-भाकरी झाले, हात धुतले आणि म्हणाला, "मामा, आपण दोन बोकड घेऊ या."

मला वाटले, पुढच्या रविवारच्या मटणाचा बेत चालला आहे.

"खायला नाही हो. सामान वाहायला!"

मग कुठे उलगडा झाला. अमेरिकेत युटा राज्यात शिकत असताना हा पठ्ठ्या मित्रांबरोबर तिथल्या वाळवंटी घळींतून पाच-पाच दिवस भटकला होता. दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या उभ्या भिंती, मधून जेमतेम वाट, आणि पाणी मिळाले तर मिळाले. अशा ठिकाणी घोडा-खेचर अडते. बोकड मात्र दगडावरून दगडावर जातो, वाटेतली झुडपे खात चालतो म्हणून त्याचा चारा न्यावा लागत नाही, आणि घोड्याच्या मानाने पाणीही फार थोडे पितो. त्याला दोर लावून ओढायचे काम नाही. माणसालाच कळपाचा म्होरक्या समजून तो मागे मागे येतो. धिप्पाड जातीचा, चार वर्षांचा, खच्ची केलेला बोकड असेल तर स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ओझे नेतो. म्हणजे नव्वद किलोचा असेल तर वीस-बावीस किलो. वायोमिंगमधल्या जॉन मिओन्चिन्स्की या अभ्यासकाने १९७०च्या दशकात ही पद्धत तिकडे रुजवली. विंड रिव्हर पर्वतात रानमेंढ्यांचा माग काढत हिंडताना तो आपले सामान बकऱ्यांच्या पाठीवर घालून नेई. पुढे १९९२ साली त्याने यावर पुस्तकच लिहिले.

हे सगळे भाच्याने एका दमात सांगितले. मी हसलो, पण मनात म्हटले, पोरगे अगदीच वेडे नाही. इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे, आमच्या या छोट्या अमिरातीत डोंगर असा नाहीच. समुद्र, खोर, खोरात तिवरे, मग खारवट सपाटी, मग वाळूच्या टेकड्या, आणि आत गेले की खजुराच्या बागांचे फलज अल मुअल्ला. पण तिथून पूर्वेला तोंड करून उभे राहिलात तर स्वच्छ दिवशी हजर पर्वताची काळसर रांग दिसते. त्या डोंगरातून उतरणाऱ्या कोरड्या नद्या म्हणजे वाद्या. (आपल्या कोकणातली वाडी नव्हे! नवीन आलेल्या मराठी माणसाची इथे हमखास गफलत होते.) थंडीच्या दिवसांत आमच्यासारखी सह्याद्रीची सवय लागलेली मंडळी शौका आणि आसपासच्या वाद्यांत चालायला जातात. तिथे खरा प्रश्न एकच असतो, पाणी. माणशी पाच लिटर धरले तर चौघांचे वीस लिटर, म्हणजे वीस किलो. माझी कंबर आता साठीकडे झुकली आहे. ती वीस किलोंतले पाच किलोही कुरकुरत उचलते.

"इथले बोकड लहान असतात," भाचा हिशेब करत म्हणाला, "पस्तीस किलोचा धरा. म्हणजे एकाला आठ-नऊ लिटर. दोन बोकड म्हणजे बहुतेक पाणी त्यांच्याकडे."

एवढ्यात स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "त्यांना विचारलंस का रे?"

आम्ही दोघेही हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. ज्याला "नको" म्हणता येत नाही, त्याच्या पाठीवर आपले ओझे ठेवावे का? आणि तेही पोटासाठी नव्हे, हौसेसाठी?

भाच्याने आपली बाजू नीट मांडली, हे मान्य करायला हवे. तो म्हणाला, "मामा, हा बोकड आपण नेला नाही तर त्याचं काय होणार? बकरी ईदला कापला जाणार. सामान वाहणारा बोकड बारा-बारा वर्षं जगतो. त्याला हिंडायला आवडतं, झाडपाला मिळतो, सोबत मिळते. तुम्हीच सांगा, त्याने काय निवडलं असतं?" यावर मी काय बोलणार? मी काही शाकाहारी नाही, हे इथेच कबूल करतो. दर रविवारी ज्याच्या नळीसाठी ताटावर भांडतो, त्याच्या पाठीची काळजी करण्याचा अधिकार मला कुठून आला? पण वाचकहो, एका बाबतीत आपण चुकतो म्हणून दुसऱ्या बाबतीत विचारच करायचा नाही, हेही मला पटत नाही. तसे असते तर विचार करायला लायक असा माणूसच उरला नसता.

ओझे वाहणारी बकरी ही काही अमेरिकेची मिरास नाही. आपल्या कुमाऊँ-गढवालमधले भोटिया व्यापारी हिमालयाच्या खिंडी ओलांडून तिबेटात जात, ते शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या लादून. जाताना धान्य, येताना मीठ आणि टाकणखार. एका जनावरावर दहाएक किलो, पण कळप शेकड्यांचा. १९६२च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला. त्या कळपांकडे बोट दाखवून "हे अन्याय्य" असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीठ आले नाही तर गावाची चूल अळणी राहणार होती. गरज आणि हौस यांत फरक आहे. शिवाय मेंढपाळ स्वतःही तीच खिंड चढत होता, त्याच थंडीत झोपत होता. आपले धनगर पाहा. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, तेव्हा संसार असतो घोड्यांच्या पाठीवर. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी लहान कोकरू. मेंढरावर कोणी काही लादत नाही. कोणाच्या पाठीवर काय शोभते, याचा हिशेब त्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या करून ठेवलेला आहे.

माझे बालपण विदर्भात गेले. ओझ्याचा विषय निघाला की मला आजोबा आठवतात आणि पोळा आठवतो. पोळ्याचे साजशृंगार, झुली, बेगड, मिरवणूक हे सगळ्यांना आठवते. मला आठवते ती आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. वर्षभर जू ज्या खांद्यावर बसते, तो खांदा हळद आणि तुपाने चोळायचा, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. शाळेत चार बुके शिकल्यावर मी एकदा शहाणपणा केला. म्हटले, "आबा, एक दिवस पुरणपोळी आणि तीनशे चौसष्ट दिवस जू, हा काय न्याय झाला?" आबा रागावले नाहीत. खांदा चोळत चोळत म्हणाले, "बाबू, हात लावल्याबिगर कळत न्हाई." आणि त्यांनी माझा हात धरून बैलाच्या मानेमागे ठेवला. तिथे कातडीखाली लिंबाएवढी गाठ होती, गरम. वरून काही दिसत नव्हते. तो बैल पोळ्यानंतर दहा-बारा दिवस जुंपला गेला नाही. आबांनी शेजाऱ्याचा बैल उसना आणला आणि त्याची भरपाई म्हणून स्वतः त्याच्या शेतात राबले.

असो. भाचा काही ऐकणार नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही कुतूहल होतेच. फलज अल मुअल्लाच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एका अरबी गृहस्थांचे शेत आहे. तिथे वीस-पंचवीस बकऱ्या आहेत आणि त्या सांभाळणारे पेशावरकडचे एक खानसाहेब आहेत. भाच्याने शिवलेले खोगीर आणि पिशव्या पाहून खानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहब, ये बकरा है, गधा नहीं." इथल्या डोंगरी गावांत पाणी, खजूर, सगळे वर नेले ते गाढवांनी. रस्ते झाले, पिकअप गाड्या आल्या आणि गाढवे मोकाट सुटली. आजही डोंगरातल्या रस्त्यांवर ती दिसतात. कोणाची नाहीत, कोणाला नकोत. आयुष्यभर ओझे वाहिलेल्याला ओझे संपल्यावर काय मिळते, हा आणखी एक प्रश्न, पण तो आज नको.

तरी खानसाहेबांनी दोन बोकड दिले. चार रविवार आम्ही शेताजवळच सराव केला. आधी नुसते खोगीर, मग रिकाम्या पिशव्या, मग एक-एक बाटली. जाता-येता लब्साचे उंटांच्या शर्यतीचे मैदान लागते. सकाळी सकाळी उंट रपेटीला निघालेले असतात आणि काहींच्या पाठीवर छोटे यंत्रमानव असतात, रंगीत सदरा घातलेले, हातात गरगर फिरणारी छडी. भाच्याला ते पाहून फार गंमत वाटली. मी त्याला सांगितले, की २००५च्या आधी त्या जागी मुले असत. हलकी हवीत म्हणून लहान. आपल्याच उपखंडातून आणि सुदानसारख्या देशांतून आणलेली. २००५ साली अठरा वर्षांखालील स्वारांवर कायद्याने बंदी आली, युनिसेफच्या मदतीने हजारावर मुलांना मायदेशी पाठवले गेले, आणि यंत्रे आली. तिथे उलटाच प्रकार होता. पाठीवर बसलेल्यालाच "नको" म्हणता येत नव्हते. भाचा बराच वेळ गप्प बसला.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. मी, भाचा, त्याचे दोन मित्र आणि दोन बोकड. एकाला पोरांनी थोरले आणि दुसऱ्याला धाकटे म्हणायला सुरुवात केली होती, जसे काही पेशव्यांच्या घराण्यातले. शौकाच्या पलीकडच्या एका अरुंद वादीत शिरलो. काळपट, तांबूस दगड, तळाला गोटे, मध्येच एखादे डबके, आणि कडेला कण्हेर. होय, आपल्या देवळासमोर असते तीच कण्हेर इथे वादीत रानटी वाढते. ती विषारी असते. बोकडांनी तिला तोंड लावले नाही. समरच्या काटेरी फांद्या मात्र त्यांनी अशा चवीने खाल्ल्या की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. खरे सांगतो, पहिले दोन तास मी भाच्याच्या बाजूचा झालो होतो. ते दोघे अगदी मजेत चालले होते. थोरले तर आमच्या पुढे जाऊन एखाद्या कातळावर उभे राहून मागे वळून पाहत, की ही दोन पायांची मंडळी इतकी का रेंगाळतात!

मग वादी अरुंद झाली आणि चढ लागला. दोन्हीकडे भिंती, सूर्य डोक्यावर. एका उंच पायरीपाशी धाकटे थांबले. भाच्याने चुचकारले. मित्राने मागून हलकेच ढकलले. खजूर दाखवला. धाकट्यांनी खजूर खाल्ला, पुढचे गुडघे मोडले आणि शांतपणे खाली बसले. ना ओरडणे, ना धडपड. आमच्याकडे पाहिले आणि रवंथ सुरू केले.

"असं करतात ते," भाचा म्हणाला. "थकले की बसतात. तिकडे शिकवताना सांगतात, बोकड बसला तर आधी ओझं काढून बघा." त्याने पट्ट्याखाली हात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. पिशवीची एक शिवण उलटी आली होती. तिने बरगडीवरचे केस घासून गेले होते आणि खाली कातडी लालभडक होती. वरून काही दिसत नव्हते.

मी बाजूच्या दगडावर बसलो. पोरांना वाटले, मामा दमले. पण मला आठवत होता एक माणूस.

२००४ सालचा ऑगस्ट. मी तेव्हा एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. लाद्यांचा कंटेनर आला होता आणि फोर्कलिफ्ट नेमकी बंद पडली होती. कंटेनर संध्याकाळपर्यंत रिकामा करून परत पाठवला नाही तर डेमरेज लागणार आणि मला वरून बोलणी बसणार. म्हणून ठरवले, हातानेच उतरवायचा. खोका पंचवीस-तीस किलोचा. सहा हेल्पर. त्यातला एक निजामाबादकडचा होता. तिकडे नांदेड जवळ, म्हणून तो माझ्याशी मोडक्या मराठीत बोले आणि त्यामुळे माझा लाडका होता. सकाळी त्याचा चेहरा उतरलेला दिसला. मी विचारले, "काय रे, जमेल ना?" तो म्हणाला, "जमते साब."

वाचकहो, ते दोन शब्द पुन्हा वाचा. "जमेल ना?" यातला तो "ना" कोणी टाकला? मी. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालणार आहे, तो प्रश्न मी विचारला, उत्तर घेतले आणि माझे मन निश्चिंत झाले. त्या वेळी मला वाटलेही, की मी किती चांगला साहेब आहे, विचारतो तरी! व्हिसासाठी त्याने गावी कर्ज काढले होते, हे मला ठाऊक होते. फुटलेली लादी पगारातून कापली जाते, हेही ठाऊक होते. ती कापण्याची चिठ्ठी मीच लिहीत असे.

चारच्या सुमारास तो पडला. पडला म्हणजे कसा? आधी त्याने हातातला खोका नीट जमिनीवर ठेवला. एकही लादी फुटली नाही. मग तो गुडघ्यावर बसला आणि मग आडवा झाला. दोन दिवसांपासून त्याच्या पाठीत कळा येत होत्या, हे त्याच्या खोलीतल्यांनी नंतर सांगितले. इस्पितळात काही दिवस काढले, हलके काम दिले, दोन-तीन महिन्यांनी तो परत गेला. जाताना माझ्या पाया पडायला आला. मी त्याला दोनशे दिऱ्हम दिले आणि मला बरे वाटले. ते बरे वाटणे आज आठवले की मान खाली जाते.

बकऱ्याने काय केले? तो बसला. नऊ किलो पाण्याचे ओझे घेऊन तो "नाही" म्हणाला आणि तीन शिकले-सवरलेले तरुण त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्याच्यावर कर्ज नव्हते. गावी कोणी पैशांची वाट पाहत नव्हते. बसलो तर परत पाठवतील, ही भीती त्याला नव्हती. "मुक्या जनावराला नको म्हणता येत नाही" हे मी घरी सोफ्यावर बसून ठरवले होते. इथे उलटेच दिसत होते. मुके जनावर स्पष्ट बोलले होते, आणि बोलता येणारा माणूस मात्र "जमते साब" म्हणाला होता.

तेव्हापासून या देशात काही बदलले आहे, हे सांगायलाच हवे. २००५ सालापासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. आता १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. त्या वेळात काम चालू ठेवणाऱ्याला दंड होतो. कायद्याने मजुराच्या वतीने रोज अडीच तास "नाही" म्हणून ठेवले आहे. पण माझे गोदाम छपराखाली होते, आणि बाकीचे साडेएकवीस तास उरतातच.

धाकट्यांचे खोगीर काढले. थोरल्यांचेही काढले, एकाला सुट्टी आणि दुसऱ्याला नाही हे कोणालाच बरे वाटेना. उरलेले पाणी आम्ही चौघांनी वाटून घेतले. मी नको म्हणत असताना पोरांनी माझ्या पाठीवर कमीच ठेवले, पण ठेवले. परतीच्या वाटेवर मला नाथांची गोष्ट आठवली. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. आपण तिच्यात नाथांची भूतदया पाहतो आणि ती आहेच. पण त्या दिवशी खांद्यावर पट्टा रुतत असताना मला एक साधी गोष्ट जाणवली, जी इतक्या वर्षांत कधी लक्षात आली नव्हती. कावड नाथांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. ती कोणा गड्याच्या किंवा गाढवाच्याच पाठीवर असती, तर त्या पाण्याचे वजन त्यांना कळले असते का? आणि वजन कळले नसते, तर ते ओतून देण्यात काय होते?

घरी आलो तेव्हा खांदे सुजले होते. मंडळींनी कोमट तेल आणून चोळायला घेतले आणि म्हणाल्या, "यंदा पोळा जानेवारीतच आला म्हणायचा." मी म्हटले, "मग पुरणपोळीचं आवतण?" त्यावर जे उत्तर मिळाले ते छापण्याजोगे नाही.

भाचा मात्र तिकडे कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी वाचत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, आपण आणखी एक चूक केली. बोकडाला विचारलं नाही, आणि ज्याची वादी आहे त्यालाही विचारलं नाही." तो बोलत होता हजर पर्वतातल्या रानबकऱ्याबद्दल, अरबी ताहरबद्दल. हा प्राणी जगात फक्त ओमान आणि अमिरातीच्या डोंगरांत आहे. आपल्या निलगिरी ताहरचा तो नात्यातला समजला जाई. २००५ साली जनुकीय अभ्यासानंतर त्याची वेगळी प्रजाती (जीनस) ठरली. तो धोक्यात आला आहे, आणि शिकारीइतकेच त्याचे दुखणे म्हणजे पाळीव आणि मोकाट बकऱ्या. पाणवठा तोच, झुडपे तीच, आणि बकऱ्या शेकड्यांनी. आम्ही गेलो त्या वादीत ताहर असेल असे नाही, पण आमच्या पाहुण्यांनी चवीने खाल्लेली समर कोणाच्या तरी वाट्याची होतीच. अमेरिकेतही हाच पेच आहे. पाळीव शेळ्या-मेंढ्यांमुळे रानमेंढ्यांना फुप्फुसाचा आजार लागतो, म्हणून काही डोंगरांत सामानाचे बोकड न्यायला मनाई झाली आहे. ज्या रानमेंढ्यांच्या मागे हिंडताना ही पद्धत रुजली, त्यांच्याच जिवावर ती येऊ शकते. कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरीही.

आणि गंमत पाहा, या अरबी ताहरचे शास्त्रीय नाव आहे *जयकरी*! वाचून मी उडालोच. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर, मुंबईचे, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते मस्कतला डॉक्टर होते. रुग्ण तपासता तपासता त्यांनी तिथले मासे, सरडे, साप गोळा केले, ओमानी अरबी बोलीवर आणि म्हणींवर लिहिले. त्यांनी लंडनला पाठवलेल्या नमुन्यांवरून ओल्डफील्ड थॉमसने १८९४ साली या रानबकऱ्याचे वर्णन केले आणि त्याला त्यांचे नाव दिले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपला एक माणूस या डोंगरांच्या आसऱ्याला आला आणि त्याने इथल्या जिवांची नोंद घेतली. आपण इतकी वर्षे इथे राहून किती जणांची नोंद घेतली? बोकडांचे सोडा, आपल्या इमारतीच्या नातूरचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

बोकड खानसाहेबांकडे परत गेले. धाकट्यांची जखम आठवड्यात भरली. खानसाहेबांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "समझदार है. बैठ गया." ईदला ते दोघे राहिले की गेले, हे विचारायचा धीर मला झाला नाही. भाच्याने एकदा विचारले होते, असे वाटते. त्यानंतर त्याने मटण सोडले आहे. मी सोडलेले नाही.

निजामाबादच्या त्या माणसाचा पत्ता शोधायचा प्रयत्न केला. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांना फोन केले. एकाला तो आठवत नव्हता. दुसऱ्याला आठवत होता, पण नाव आम्हा दोघांनाही पूर्ण आठवेना.

त्या वादीनंतरच्या आठवड्यातच गोदामात कंटेनर आला. आता मी दुसऱ्या ठिकाणी आहे आणि हाताखाली एक तरुण सुपरवायझर आहे, कोल्हापूरकडचा, कामाला वाघ. माल असा होता की निम्मा हातानेच उतरवायचा. नेहमीप्रमाणे त्याने पोरांना ओळीत उभे करून विचारले, "क्यों, हो जायेगा ना?" सगळ्यांनी मान हलवली. मी पुढे झालो आणि एकेकाला विचारले, "तू आज किती खोके उचलू शकतोस?" आधी कोणी बोलेना. हा काही नवा डाव आहे, असेच त्यांना वाटले असणार. मग एक म्हणाला, "पचास." दुसरा म्हणाला, "तीस." शेवटचा एक जण, पंचविशीतला, जमिनीकडे पाहत म्हणाला, "आज नहीं, साब."

सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, असं विचारलं तर हा कंटेनर आज रिकामा होत नाही."

तो बरोबर होता. रात्रीचे साडेनऊ वाजले. डेमरेजचे बिल माझ्या टेबलावर आहे आणि त्यावर कारण काय लिहायचे, हे अजून ठरत नाही.